आठवड्यातला एक वार पाळताना

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील अनेक गावांत देवीच्या यात्रेपूर्वी काही वार पाळले जातात. बहुधा मंगळवार किंवा शुक्रवार असतो. गावातील पंच मंडळी तो आधी जाहीर करतात आणि त्या दिवशी शिवारात कोणी औत जुंपत नाही, कोळपे नेत नाही, भांगलणीला मजूर बोलावत नाही. पाऊस उघडलेला असो, वाफसा आलेला असो, शेजाऱ्याची लावणी आपल्यापुढे गेलेली असो, वार म्हणजे वार. माझे बालपण बेळगावातील वडगावच्या बाजूला, भाताच्या शिवाराला लागून असलेल्या गल्लीत गेले. आम्ही ख्रिस्ती; आमच्या घरी रविवारची उपासना आणि शेजारच्या घरी वार पाळणूक. या दोन गोष्टींत काही नाते असेल असे मला लहानपणी कधी वाटले नाही. शब्बाथ हा शब्द बायबलमधला आणि दूरच्या देशातला, वार मात्र आपल्या गल्लीतला, अशी माझी समजूत होती. चाळिशी ओलांडल्यावर, रविवार हाच माझ्यासाठी आठवड्यातला सर्वांत दमवणारा दिवस झालेला असताना, शेजारच्या काकूंनी एकदा सहज विचारले, "तुमचा वार रविवार ना गं? मग तुम्ही तो पाळत का नाही?" त्या प्रश्नानंतर मी जे वाचले, घरी करून पाहिले आणि चुकत चुकत सुधारले, ते येथे लिहीत आहे. वाचणारा कोणत्याही धर्माचा असला तरी यातील बहुतेक गोष्टी त्याला आपल्या घरी करता येतील.

थांबणे म्हणजे काय

हिब्रू भाषेतील ‘शब्बाथ’ या शब्दाच्या मुळाशी थांबणे, हातातले काम सोडणे हा अर्थ आहे. बायबलच्या आरंभी देव सहा दिवस सृष्टी घडवतो आणि सातव्या दिवशी थांबतो. पुढे निर्गम या पुस्तकातील दहा आज्ञांमध्ये हा दिवस पवित्र पाळावा असे सांगताना कोणी कोणी थांबायचे याची यादीच दिली आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. अनुवाद या पुस्तकात हीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा तिचे कारणही सांगितले आहे. तुम्ही मिसर (इजिप्त) देशात गुलाम होता, हे विसरू नका, असे ते कारण आहे. ज्याला एके काळी थांबण्याची मुभा नव्हती, त्याने दुसऱ्याला राबवत ठेवून स्वतः विसावा घ्यायचा नाही.

मराठी माणसाला हे परके वाटण्याचे काही कारण नाही. कोकण किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यात, मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून आसपासचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हिब्रू भाषा आणि बहुतेक प्रार्थना विस्मरणात गेल्या, तरी शनिवारचा बंद घाणा त्यांनी सोडला नाही. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण आपण सहसा उलटे करतो: प्रार्थनेचे शब्द पाठ असतात आणि घाणा मात्र सुरूच असतो. ज्यू परंपरेत या दिवशी वर्ज्य मानलेल्या कामांचे ३९ प्रकार मोजले जातात. नांगरणे, पेरणे, कापणी करणे, दळणे, विणणे, शिवणे, लिहिणे, विस्तव पेटवणे ही कामे त्यांत येतात. शहापूर-वडगावच्या माणसाने ती यादी पाहिली तर नांगर आणि माग, म्हणजे आपल्या भागाचे दोन्ही जुने आधार, त्याला तिच्यात सापडतील.

ख्रिस्ती मंडळींनी येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार धरला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये रविवारी काम बंद ठेवण्याचा हुकूम काढला, पण शेतकऱ्यांना त्यातून सूट दिली, कारण पेरणीची वेळ हुकुमासाठी थांबत नाही. भारतात आज आपण रविवारची सुट्टी गृहीत धरतो, पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अनेक वर्षांच्या धडपडीनंतर १० जून १८९० रोजी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हाही मुद्दा त्यांनी मांडला होता. कर्नाटकात अनेक ठिकाणी शेतकरी सोमवारी बैल जुंपत नाहीत, आणि ती रीत बसवण्णांच्या नावाशी जोडलेली आहे. म्हणजे घाणा, गिरणी, माग आणि बैल, या सर्वांना आपल्या मुलखात कोणी ना कोणी थांबवलेले आहे. उरलेल्या वेळात विसावा मिळेल असे यांच्यापैकी कोणी मानले नाही. त्यांनी दिवस नेमला, तो सर्वांना सांगितला आणि तो सर्वांना लागू केला. आपल्यालाही घरात तेच करायचे आहे.

दिवस नेमणे आणि त्याला वेस घालणे

प्रथम घरातील सर्वांना एकत्र बसवून दिवस ठरवावा. रविवार सोयीचा असला तरी तो सक्तीचा नाही. दुकानदाराला आपल्या बाजारपेठेच्या सुट्टीचा वार बरा पडेल, रुग्णालयात पाळीने काम करणाऱ्या परिचारिकेला तिच्या सुट्टीचा. मात्र एकदा ठरलेला वार निदान दोन महिने बदलू नये. या आठवड्यात गुरुवारी घेऊ, पुढच्या आठवड्यात जमेल तेव्हा घेऊ, असे म्हटले की तो वार राहत नाही.

ज्यू घरांत शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. आरंभ संध्याकाळी करण्याची ही रीत मी जशीच्या तशी घेतली आहे. सकाळी सुरू केलेली सुट्टी उशिरा उठण्यात आणि राहिलेली धुणी धुण्यात संपून जाते. संध्याकाळी सुरू केली की विसाव्याचे पहिले काम झोप हे असते, आणि ते योग्यच आहे. बायबलमध्ये एलिया नावाचा संदेष्टा थकून, आता पुरे झाले असे म्हणत एका झुडपाखाली आडवा होतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला भाकर आणि पाणी देतो आणि पुन्हा झोपू देतो. देवाचा मंद, शांत स्वर एलियाला ऐकू येतो तो त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीच्या शेवटी. ज्यांना प्रार्थनेला बसताच डुलकी लागते आणि त्याची खंत वाटते, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी आणि पहिले काही आठवडे निःशंकपणे झोपावे.

बेळगावात सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि जूनच्या अखेरीस सातच्या सुमारास होतो. घड्याळापेक्षा दिव्याची खूण ठेवणे मला बरे वाटते. शनिवारी तिन्हीसांजेला घरातील एकाने दिवा किंवा मेणबत्ती लावावी, सर्वांनी जवळ यावे आणि आपापल्या श्रद्धेप्रमाणे प्रार्थना, हरिपाठ किंवा नुसते दोन मिनिटांचे मौन करावे. त्या क्षणापासून दिवस सुरू झाला असे धरावे.

दिवा लावण्याआधी मोबाइल ठेवून द्यावेत. आम्ही ते पत्र्याच्या डब्यात ठेवतो आणि डबा कपाटात. घरातील ज्येष्ठ माणसाचा एक साधा फोन सुरू राहतो आणि जवळच्या नातेवाइकांना तो नंबर देऊन ठेवलेला आहे. पहिल्या महिन्यात लोक रागावतात, "फोन का उचलला नाहीस?" असे विचारतात. त्यांना एकदा नीट सांगावे की शनिवारी संध्याकाळपासून आमचा वार असतो. आपल्या भागात वार हा शब्द उच्चारला की पुढे फारसे समजवावे लागत नाही, हा माझा अनुभव आहे.

आदल्या दिवशीचा स्वयंपाक

दहा आज्ञांमधील त्या यादीत घरधनिणीचे नाव नाही. ‘तू’ या शब्दात ती धरलेली आहे असे म्हणतात आणि ते मला मान्य आहे, पण बहुतेक घरांत ती प्रत्यक्षात धरली जात नाही. रविवार म्हटला की मटण किंवा पुरी-भाजी, पाहुणे, आठवड्याची साफसफाई आणि दुपारी चारला पुन्हा चहा. चुलीपुढे एक माणूस उभा असताना बाकीच्यांनी घेतलेली विश्रांती ही शब्बाथाची नव्हे, असे मी ठामपणे म्हणते. म्हणून या मार्गदर्शनातील सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता असे कोणी विचारले, तर मी निसर्गाच्या आधी स्वयंपाकघराचे नाव घेईन.

इस्राएल लोक रानात असताना त्यांना रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेले अन्न, मिळत असे आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नसे. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, भाजायचे ते भाजायचे, शिजवायचे ते शिजवायचे, आणि तो सातव्या दिवशी खराब होत नसे. आपल्या स्वयंपाकघरात याचा अर्थ साधा आहे: टिकणारे पदार्थ शनिवारी दुपारीच करून ठेवावेत, आणि ते करायला घरातील सर्वांनी हात लावावा. जोंधळ्याची कडक भाकरी आपल्याकडे घरोघर होते आणि ती कित्येक दिवस राहते. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ असतात. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, काकडी, चिरमुऱ्यांचा भडंग आणि केळी एवढ्यावर चार माणसांचा दिवस उत्तम निघतो. उन्हाळ्यात ओली भाजी करून ठेवू नये, ती आंबते. थंडीत सुकी उसळ चालते. कोणाला गरम हवेच असेल तर तांदळाची पेज ठेवावी, आणि ती पुरुषांपैकी कोणी ठेवावी.

भांडी कमी निघावीत म्हणून आम्ही पत्रावळीवर जेवतो. घरी धुणे-भांडी करणाऱ्या ताई येत असतील तर त्यांनाही त्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी. ‘वेशीच्या आत राहणारा परका’ हा शब्द वाचताना मला त्यांचीच आठवण होते. आपण रानात जाऊन शांत बसलो आणि त्या आपल्या मोरीत भांडी घासत राहिल्या, तर आज्ञेचा अर्धा भाग आपण गाळला असे होईल.

रानात किंवा पाण्याकाठी जाणे

आता बाहेर पडण्याविषयी. वार पाळण्यासाठी निसर्गात जाणे आणि सहलीला जाणे यांत मोठा फरक आहे, आणि तो आधी मनात स्पष्ट नसेल तर घरी परतताना माणूस निघतानापेक्षा जास्त थकलेला असतो. सहलीत पाहायचे असते. एक ठिकाण झाले की दुसरे, आणि प्रत्येक ठिकाणी फोटो. पाळणुकीच्या दिवशी आपण एका जागी जाऊन राहायचे असते. गोकाकचा धबधबा, जिथे घटप्रभा सुमारे ५२ मीटरवरून खाली येते, पावसाळ्यात जरूर पाहावा, पण तो इतर सुट्टीच्या दिवशी. तिथली गर्दी, वाहने आणि कणसांच्या गाड्या यांत मन थांबत नाही.

जागा निवडताना ती जवळची असावी, आणि महिनाभर तीच असावी. एकाच जागेला चार आठवडे गेल्याशिवाय ती आपल्याशी बोलू लागत नाही. पहिल्या आठवड्यात आपल्याला झाडे दिसतात. तिसऱ्या आठवड्यात त्यांतल्या एका जांभळीला मोहर आलेला दिसतो. चौथ्या आठवड्यात तो गळून बारीक हिरवी फळे धरलेली दिसतात आणि आपण तेथे नसतानाही काहीतरी चालू होते, हे समजते. आपण हात थांबवले तरी सृष्टी थांबत नाही, हे डोळ्यांनी पाहणे मला शब्बाथाचा गाभा वाटतो. ज्याला आपल्यावाचून घर, कारखाना, दुकान अडेल अशी भीती वाटते, त्याने तर हे अवश्य पाहावे.

शहरात राहणाऱ्यांसाठी टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोची जुनी झाडी पुरेशी आहे. तेथे पहाटे फिरायला येणारे बरेच असतात, म्हणून चालण्याच्या वाटेपासून थोडे आत, मोठ्या झाडाच्या बुंध्याशी बसावे. तांबट पक्ष्याचा ठोके दिल्यासारखा एकसुरी आवाज उन्हाळ्यात तेथे हमखास ऐकू येतो. ज्यांना थोडी चढण चालेल त्यांनी येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर सूर्योदयापूर्वी पोहोचावे. आत सिद्धेश्वराचे मंदिर आहे, आणि तटावरून चारी बाजूंचे शिवार दिसते. भाद्रपद-आश्विनात ते हिरवे असते, दिवाळीच्या सुमारास पिवळे पडू लागते, आणि त्यानंतर कापलेल्या भाताच्या मोकळ्या खाचरांत बगळे उतरतात. गडावर वारा जोराचा असतो, लहान मुलांना व वृद्धांना कानटोपी घालावी.

मला स्वतःला मलप्रभेचा काठ सर्वांत जवळचा वाटतो. ही नदी खानापूर तालुक्यात कणकुंबी येथे उगम पावते, माउली देवीच्या मंदिराजवळ, आणि शेवटी कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. खानापूरजवळ असोगा येथे रामलिंगेश्वराचे मंदिर नदीकाठी आहे. पावसाळा संपल्यावर तेथील खडकावर बसता येते. बेळगावहून खानापूरला रेल्वेनेही जाता येते आणि बसनेही. कर्नाटकात शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून राज्यातील स्त्रियांना सरकारी साध्या बसचे तिकीट पडत नाही, ओळखपत्र मात्र जवळ ठेवावे लागते. मी हे मुद्दाम लिहिते, कारण ‘आपल्याला कोण घेऊन जाणार’ या विचाराने अनेक बायका आयुष्यभर नदीकाठी एकट्या बसलेल्या नसतात. दोघी-तिघींनी मिळून सकाळची बस धरावी आणि दुपारी परत यावे.

तेथे गेल्यावर काय करायचे, हे अनेकजण विचारतात. माझी रीत अशी आहे. पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे कोणी कोणाशी बोलत नाही. सर्वजण हळू चालतात. मग प्रत्येकाने एकमेकांपासून दहा-पंधरा पावले दूर, पण नजरेच्या टप्प्यात, आपली जागा घ्यावी आणि पाठीला आधार मिळेल असे बसावे. डोळे मिटले तर मन आठवड्याच्या हिशेबाकडे धावते, म्हणून आरंभी डोळे उघडे ठेवून ऐकावे: आधी जवळचा आवाज, मग दूरचा, मग सर्वांत दूरचा. पाण्याचा आवाज एकच वाटतो, पण पाच मिनिटे ऐकले तर दगडावरून जाणारे पाणी आणि काठाच्या गवतातून जाणारे पाणी वेगळे कळते. त्यानंतर पाय मातीत किंवा पाण्यात ठेवावेत. एवढे झाल्यावर ज्याला जे म्हणायचे ते त्याने मनात म्हणावे. मी बायबलमधील स्तोत्रसंहितेतील एखादे स्तोत्र हळू आवाजात वाचते. माझ्यासोबत येणाऱ्या काकू विठ्ठलाचे नाव घेतात. माझा मुलगा काहीच म्हणत नाही, तो खंड्या पक्ष्याची वाट पाहतो, आणि तीही मला प्रार्थनाच वाटते.

या बैठकीला अर्धा तास पुरे. पहिल्यांदा दहाव्या मिनिटाला अस्वस्थ वाटू लागते, घरी गॅस बंद केला का, अमक्याला पैसे द्यायचे राहिले, असे विचार येतात. ते हाकलू नयेत, त्यांच्याशी वादही घालू नये. बाजूची एक वाळकी काटकी उचलून त्या विचाराच्या नावाने जमिनीवर ठेवावी. निघताना काटक्या तशाच ठेवून यावे. मुलांनाही ही युक्ती फार आवडते. नंतर शिदोरी सोडावी, आणि मग मनमोकळे बोलावे, मुलांनी खेळावे, ज्याला झोपायचे त्याने सावलीत झोपावे. शब्बाथ म्हणजे दिवसभर गंभीर चेहऱ्याने बसणे, असा समज काही घरांत आहे आणि त्यामुळे मुले या दिवसाचा तिरस्कार करू लागतात. ज्यू घरांतही हा दिवस चांगले जेवण, गाणी आणि आनंद यांचा मानला जातो, आणि त्या दिवशी शोक बाजूला ठेवतात. बेने इस्रायली कुटुंबे त्यासाठी द्राक्षारसाच्या जागी काळ्या मनुकांचे सरबत करीत आली आहेत. आम्हीही उन्हाळ्यात ते बाटलीत भरून नेतो. मनुका रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी कुस्करून गाळल्या की झाले.

काही सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. जून ते सप्टेंबर मलप्रभेच्या पाण्यात पाय घालू नयेत आणि जांबोटी-कणकुंबीकडील धबधब्यांच्या खडकांवर चढू नये. वरच्या अंगाला पडलेला पाऊस आपल्याला दिसत नाही आणि पाणी काही मिनिटांत चढते. त्या दिवसांत रानात जळवाही असतात. खानापूरच्या जंगलात अस्वल आणि गवा आहेत, म्हणून पहाटे व तिन्हीसांजेला झाडीत शिरू नये आणि वाट सोडू नये. भीमगडचे जंगल २०११ पासून अभयारण्य आहे, तेथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये. तेथील बारापेडे गुहांत दुर्मीळ वटवाघळांची वस्ती आहे, आणि त्यांच्या विसाव्यात आपण विघ्न आणणे या दिवसाच्या हेतूशी विसंगत आहे. प्लास्टिक, कागद, उष्टे अन्न सर्व परत आणावे.

भर पावसाळ्यात आम्ही कोठेच जात नाही. सोप्यात घोंगडी अंथरून, दार उघडे ठेवून कौलांवरचा आणि पागोळ्यांचा आवाज ऐकतो. तेवढाच आमचा निसर्ग, आणि तो कमी पडलेला नाही. लेव्हीय या पुस्तकात दर सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा द्यावा, ती पडीक ठेवावी, असे सांगितले आहे. बांधावरच्या मातीतून वर आलेला वास घेताना मला त्या पडीक शेताची आठवण होते.

ज्यांना पूर्ण दिवस मिळत नाही

निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या भगिनींना आणि वडगाव-खासबागच्या यंत्रमागावरील विणकरांना कामाच्या नगावर मजुरी मिळते. त्यांच्यासाठी एक दिवस बंद म्हणजे एका दिवसाची कमाई बंद. त्यांना पूर्ण दिवस पाळा असे सांगण्याचा मला अधिकार नाही. संध्याकाळी दिवा लागल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंतचा वेळ पाळता आला तरी त्यात रात्रीची झोप आणि एक मोकळी सकाळ येते. तेही जमत नसेल तर दर आठवड्याला तीच संध्याकाळ ठरवावी, पण ती मोडू नये.

रोप लावणी आणि सुगीचा प्रश्न अधिक अवघड आहे. कॉन्स्टंटाइनने शेतकऱ्याला सूट दिली होती हे वर आलेच आहे. निर्गम पुस्तकात मात्र नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही विसावा घ्यावा असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या गावांतील वार पाळणूक या दुसऱ्या बाजूची आहे, कारण ती येते तीच ऐन आषाढात, शिवारात काम तुंबलेले असताना. माझा कल तिकडेच आहे, पण कापलेले भात शेतात पडलेले असताना ढग भरून आले तर ते आधी झाकावे. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे येशूचे म्हणणे अशाच प्रसंगासाठी आहे. जनावराला वैरण-पाणी घालणे, आजाऱ्याची सेवा करणे यांना मनाई नाही.

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर बाहेर जाणाऱ्यांनी दोन गट करावेत आणि आळीपाळीने जावे. परतताना त्या माणसासाठी काहीतरी आणावे: मेमध्ये करवंदांचा द्रोण, मार्चमध्ये काजूचा बोंडू, हिवाळ्यात वासाचे गवत. आमच्या आजींना शेवटच्या वर्षी दिसत नव्हते. त्या प्रत्येक रविवारी पान हातात घेऊन चुरगाळत, वास घेत आणि झाडाचे नाव सांगत. त्या क्वचितच चुकत.

दिवस सोडणे

वार जसा दिव्याने धरला तसा तो रीतसर सोडावा, नाहीतर रविवारी दुपारपासूनच सोमवारचा विचार घरात शिरतो आणि अर्धा दिवस पोखरतो. ज्यू घरांत शनिवारी रात्री पेला भरून, सुगंधी मसाल्यांचा वास घेऊन आणि वेणीसारखी विणलेली मेणबत्ती पेटवून मग विझवून शब्बाथाला निरोप देतात. आम्ही रविवारी तिन्हीसांज झाली की अंगणात किंवा गच्चीवर उभे राहतो. तीन तारे कोणाला आधी दिसतात याची मुलांमध्ये चढाओढ लागते. पावसाळ्यात तारे दिसत नाहीत, तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले की धरतो. मग वाटीत लवंग, वेलदोडा आणि दालचिनी घेऊन ती वाटी हातोहात फिरवतो, प्रत्येकजण वास घेतो आणि त्या दिवसात पाहिलेली एक गोष्ट सांगतो. मोठी गोष्ट लागत नाही. गेल्या रविवारी माझ्या मुलाने सांगितले की असोग्याच्या खडकावर एक खेकडा अर्धा तास हलला नाही.

त्यानंतर दिवा लावावा, डब्यातून मोबाइल बाहेर काढावेत, आणि सोमवारच्या डब्यासाठी मटकी भिजत घालायची असेल तर ती तेव्हा घालावी.